मुलाचा जुना आयफोन घेऊ की नवा अँड्रॉइड?

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात राहते. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरी यजमान आणि मी, मुलगा पुण्याला. माझ्या अँड्रॉइड फोनला आता अपडेट येत नाहीत. मुलगा नवा फोन घेतो आहे आणि त्याचा आयफोन १२ मला देतो म्हणतो. जेल रोडवरचा दुकानदार मात्र म्हणाला, ‘आंटीजी, इस उमर में आयफोन समझ में नहीं आएगा, नया अँड्रॉइड ही ले लो.’ त्यातच आमच्या भजनी मंडळातल्या एकीला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली, तिने ती उघडली आणि खात्यातले पैसे गेले. तेव्हापासून मला धास्तीच बसली आहे. मला लागतं ते एवढंच : व्हॉट्सॲप, मुलाशी व्हिडिओ कॉल, भाजीवाल्याला पैसे देणं, फोटो, आणि भजनं मराठीत लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकणं. दोन्हींत फरक काय, आणि मी काय करू?

उत्तर : काकू, निकाल आधी सांगते, कारणं मागून. मुलाचा आयफोन घ्या. फक्त कुरियरने मागवू नका. तो दिवाळीला येईल तेव्हा घेऊन येऊ दे आणि एक अख्खी दुपार तुमच्याजवळ बसून सगळं लावून देऊ दे. हा सल्ला मी सरसकट देत नाही. खालच्याच पत्राला मी नेमकं उलट उत्तर दिलं आहे. तुमच्या बाबतीत मी दोन गोष्टी पाहिल्या : पत्रिकेची धास्ती, आणि फोन अडला की तुम्ही हाक कुणाला मारणार.

तुमच्या मैत्रिणीला जी आली ती पत्रिका नव्हतीच. पत्रिका फोटो म्हणून येते, नाहीतर पीडीएफ म्हणून. ही जी फाइल फिरते तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि मग इंग्रजीत ए-पी-के अशी तीन अक्षरं असतात. ते अँड्रॉइडचं ॲप असतं. कधी ते पत्रिका म्हणून येतं, कधी आरटीओचं चलान म्हणून, कधी बँकेचं केवायसी म्हणून. त्यावर बोट लावलं की फोन विचारतो, इथून ॲप टाकायची परवानगी द्यायची का? पत्रिका कुणाची म्हणून बघायच्या घाईत आपण ‘हो’ दाबतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तीही दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

अँड्रॉइडवर हे होऊ शकतं, कारण तिथे प्ले स्टोअरच्या बाहेरूनही ॲप टाकता येतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते तेव्हा या मोकळिकीचं मला फार अप्रूप होतं. मुलींनी स्वतः बनवलेलं छोटंसं ॲप त्या लगेच एकमेकींच्या फोनवर टाकून बघायच्या. आजही शिकणाऱ्या मुलांना मी अँड्रॉइडच घ्यायला सांगते. पण रामबागेत ज्येष्ठांना फोन शिकवायला बसते तेव्हा तीच मोकळी वाट मला नको वाटते. आयफोनवर ती एपीके फाइल चालतच नाही. आपल्याकडे आयफोनवर ॲप येतं ते ॲपलच्या ॲप स्टोअरमधूनच, आणि आलेल्या कुठल्याही ॲपला तुमच्या एसएमएसच्या पेटीत डोकावता येत नाही.

हा फरक तुम्हाला यूपीआय लावतानाच दिसेल. खातं जोडताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो स्वतःच पाठवून मोकळं होतं. आयफोनवर अगम्य अक्षरांचा एक तयार मजकूर समोर येतो आणि ‘पाठवा’ तुम्हाला स्वतः दाबावं लागतं. त्यातलं एकही अक्षर बदलायचं नाही, आहे तसाच पाठवायचा. हे ठाऊक नसलं की माणूस गोंधळतो आणि बँकेत फेऱ्या घालतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आयफोन पत्रिकेपासून वाचवेल, गोड बोलणाऱ्यापासून वाचवणार नाही. ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, आम्ही पोलिस बोलतोय, कॅमेरा चालू ठेवा’ असा फोन दोन्हींवर सारखाच येतो. व्हिडिओ कॉलवर अटक करायची कुठलीही तरतूद कायद्यात नाही. कुणी स्क्रीन दाखवायला सांगितली तरी फोन ठेवून द्यायचा. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. हा नंबर मंडळातल्या सगळ्या जणींच्या फोनमध्ये आजच टाका.

दुसरी गोष्ट अपडेटची. आयफोन बनवते ॲपल आणि त्याची आयओएस ही प्रणालीही ॲपलचीच, त्यामुळे नवी आवृत्ती सगळ्या चालू मॉडेलना एकाच दिवशी मिळते. अँड्रॉइड गूगल बनवतं, मग फोनची कंपनी त्यावर आपला साज चढवते, मग तो तुमच्या मॉडेलला येतो. कुणाला लवकर, कुणाला उशिरा, स्वस्त मॉडेलना बरेचदा दोन-तीन वर्षांनी येणंच थांबतं. तुमच्या फोनचं तेच झालंय. तुम्हाला मिळणारा आयफोन १२ हा २०२० सालचा, पण सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ त्याला मिळाली. २०१३ च्या आयफोन ५एसला ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती पाठवली होती. जुना फोन म्हणून बिचकू नका, अजून काही वर्षं तो तुम्हाला साथ देईल.

दुकानदाराचं वयाबद्दलचं बोलणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि असं बोलून माणसाला आधीच घाबरवून सोडणं मला आवडतही नाही. तुम्ही बँकेत खातेवह्यांतून कॉम्प्युटरवर आलेल्या पिढीतल्या आहात. आयफोनवर आलेले ज्येष्ठ अडतात ते ठरावीक ठिकाणीच. अँड्रॉइडवर खाली तीन बटणं असतात, मागे जायचं असलं की दाबलं बटण. आयफोन १२ ला खाली काहीच नाही. मागे जायला पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आत ओढायचं, मुख्य पानावर यायला खालून वर. ज्यांचा हात कापतो त्यांना हे जड जातं. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘असिस्टिव्ह टच’ आहे, ते मुलाकडून चालू करून घ्या. पडद्यावर एक तरंगतं गोल बटण येतं, त्यातून मुख्य पानावर येता येतं. अक्षरंही तिथूनच मोठी करून घ्या.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगणार, ‘आई, वर उजवीकडून बोट खाली ओढ.’ त्याच्या हातात तसाच पडदा असला तर त्याचं सांगणं तुम्हाला कळेल. तो आयफोनवाला आणि तुम्ही अँड्रॉइडवाल्या, म्हणजे दोघंही वैतागणार. तुमची अडचण सोडवणारी भाची किंवा शेजारीण अँड्रॉइडवाली असती आणि इथेच राहत असती, तर मी कदाचित तुम्हाला अँड्रॉइड सांगितला असता.

आता फोन लावायचं काम. यात क्रम चुकला की मंडळाचा सगळा जुना ठेवा जातो, म्हणून सविस्तर लिहिते. पुण्याहून निघण्यापूर्वीच मुलाने त्या फोनमधून स्वतःचं ॲपल खातं पूर्ण काढायचं आणि ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायचं. ते राहिलं तर फोन पुसल्यावरही त्याचाच पासवर्ड मागत कुलूपबंद राहतो. मग सेटिंगमध्ये ‘बॅटरी’खाली बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते, ती बघायची. या मॉडेलची बॅटरी ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. आकडा ८० च्या खाली असेल तर अधिकृत केंद्रात ती बदलूनच त्याने फोन आणावा. चार्जरची वायरही बरोबर आणावी, कारण आयफोन १२ ला तुमची जुनी वायर चालत नाही.

घरी आल्यावर घाईने सिम घालून व्हॉट्सॲप उघडायचं नाही! तुमच्या जुन्या गप्पांची प्रत गूगल ड्राइव्हवर असते आणि आयफोन ती वाचत नाही. त्यासाठी अँड्रॉइड फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲपलचं ॲप टाकायचं. आयफोन नव्यासारखा, पूर्ण पुसलेला हवा; तो चालू करताना ‘अँड्रॉइडवरून आणा’ असा पर्याय येतो. आयफोनवर एक कोड दिसेल, तो जुन्या फोनवर टाकायचा आणि यादीत व्हॉट्सॲपवर खूण करायची. दोन्ही फोन चार्जरला लावून एकाच वायफायवर ठेवायचे आणि संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग आयफोनवर व्हॉट्सॲप टाकून तोच नंबर द्यायचा. गप्पा, ग्रुप, फोटो येतात. कुणाला कधी कॉल केला ती यादी येत नाही. सगळं जागेवर आलंय हे बघेपर्यंत जुना फोन पुसू नका.

ॲपलचं खातं तुमच्या स्वतःच्या नावाने उघडा. बऱ्याच घरांत मुलाचंच खातं आईच्या फोनवर राहतं आणि मग त्याचे फोटो, त्याचे संपर्क आईच्या फोनवर दिसायला लागतात. फोटोंसाठी आयफोनवरही ‘गूगल फोटोज’ टाका आणि जुन्याच जीमेलने आत या, आधीचे तिथे ठेवलेले सगळे दिसतील. ॲपलची ऑनलाइन साठवण, म्हणजे आयक्लाउड, फुकटात ५ जीबीच देते, गूगल १५ जीबी. त्यामुळे थोड्याच दिवसांत ‘जागा भरली, पैसे भरा’ असा संदेश येऊ लागेल. घाबरू नका. आयक्लाउडची फोटो-साठवण बंद करून गूगलवरच ठेवलेत तरी चालतं, फक्त गूगल फोटोजमध्ये ‘बॅकअप’ चालू आहे याची खात्री करा. कार्यक्रमाचे फोटो छापायला देणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ उघडून ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करा, नाहीतर स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायची नाही.

राहिली भजनं. आयफोनच्या कळफलकात मराठी आहे, आणि २०२५ पासून अख्खा आयफोन मराठीत करता येतो. अँड्रॉइडवर ती सोय त्याआधीच आली. एक काळजी इंदूरकरांनी दोन्हींवर घ्यायची. आपल्याकडे दुकानातून फोन लावून मिळतो तो हिंदी कळफलक घालून. देवनागरीच आहे म्हणून आपण त्यावरच मराठी लिहितो आणि फोन हिंदी शब्द सुचवत बसतो. ‘नाही’ लिहायला जावं तर ‘नहीं’ पुढे येतं, अभंगाच्या ओळीत तर काहीच्या काही होतं. यादीतून हिंदी काढा आणि मराठी टाका. महिनाभर लिहीत राहिलात की फोन तुमचे शब्द ओळखू लागेल.

प्रश्न : मी रामबागेत घरगुती डबे पुरवतो. दोन सिम आहेत, एक घरचं, एक धंद्याचं. ऑर्डर फोनवर येतात म्हणून कॉल रेकॉर्ड करून ठेवतो, पुढे वाद नको. फोन कढईजवळ, पिठाच्या हातात, सतत चालू. मेव्हणे म्हणतात धंदा वाढवायचा तर आयफोन हप्त्यावर घे, गिऱ्हाइकावर छाप पडते. घेऊ का?

उत्तर : नको, दादा. डबा चांगला असला की गिऱ्हाईक तुमचा फोन कुठला ते विचारत नाही, आणि हप्त्याचे पैसे गॅस-किराण्यातून निघणार. भारतात मिळणाऱ्या आयफोनांत प्रत्यक्ष सिम फार तर एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम, करून घ्यावं लागतं. फोन कढईत पडला तर तुमचं धंद्याचं सिम काढून घरातल्या साध्या फोनमध्ये घालून लगेच काम सुरू करता यायला हवं. ई-सिमला तसं होत नाही. कॉल रेकॉर्डिंग आयफोनवर ऑक्टोबर २०२४ मधल्या १८.१ आवृत्तीत आलं, दर वेळी बटण दाबून सुरू करावं लागतं आणि दोघांनाही तशी सूचना ऐकू येते. अँड्रॉइडवर अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड करायची सोय आहे. गिऱ्हाइकाला मात्र तुम्ही आधी सांगत जा, ते बरं दिसतं.

नवा अँड्रॉइड घेताना कॅमेऱ्याचे आकडे नंतर विचारा, आधी विचारा की सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ या फोनला ७ वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला तेवढंच. हे महाग फोन आहेत, पण सॅमसंगच्या स्वस्तातल्या ए१६ लाही ६ वर्षांचं वचन आहे. दुकानदाराचं तोंडी ऐकू नका, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं नाव बघा. तुमच्या सध्याच्या फोनचंही तपासा : सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि तिथे ‘सुरक्षा अपडेट’ची तारीख. ती वर्षाच्या मागची असेल तर त्या फोनवर धंद्याचं खातं ठेवू नका.

पिठाच्या हातांसाठी एक : गूगलच्या कळफलकावरचा माइक दाबून मराठीत बोला, मजकूर उमटतो. ऑगस्ट २०१७ पासून मराठीला ही सोय आहे. ‘आज पिठलं-भाकरी, कांद्याची भजी’ असं बोललात की मेनू ग्रुपवर पाठवायला तयार.

प्रश्न : मी अकरावीत आहे, राजेंद्रनगर. जगात इतक्या फोन कंपन्या असून प्रणाल्या दोनच का? आणि अँड्रॉइड फुकट आहे तर गूगलला पैसे कुठून मिळतात?

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. दोनच नव्हत्या. नोकियाची सिंबियन होती, ब्लॅकबेरी होती, मायक्रोसॉफ्टची विंडोज होती. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्यात बाहेरची ॲप टाकताच येत नव्हती. ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये ५०० ॲप घेऊन सुरू झालं. अँड्रॉइड ही २००३ मध्ये निघालेली छोटी कंपनी, आणि सुरुवातीला त्यांच्या डोक्यात फोन नव्हता, डिजिटल कॅमेरा होता. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला. त्यानंतर लढाई ॲपवरच झाली. विंडोज फोन दिसायला देखणे होते, पण दुकानात माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कुणी माल ठेवत नाही, तशी गत झाली. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट थांबवले, जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा बंद पडली. आज भारतात दर १० स्मार्टफोनांत ९ पेक्षा जास्त अँड्रॉइड आहेत.

पैशाचं असं : ॲपल मुख्यतः फोन विकून कमावते. गूगल अँड्रॉइड फोन कंपन्यांना फुकट देतं आणि शोध, जाहिराती, प्ले स्टोअर यांतून कमावतं. तू काय शोधतोस, कुठे जातोस यावर त्या जाहिराती चालतात, म्हणून फुकट या शब्दावर विसंबू नकोस. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आणली तेव्हापासून दुसऱ्या ॲपमध्ये तुझा माग काढण्याआधी ॲपला तुला विचारावं लागतं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ॲपललाही सोवळं समजू नकोस. आयफोनच्या सफारी या ब्राउझरमध्ये शोधायला गूगलच आधी यावं म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या अटींवरून गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर गूगलने इथल्या फोन कंपन्यांवरच्या अटी सैल केल्या. प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर तो निकाल वाच, आयोगाच्या संकेतस्थळावर आहे.

प्रश्न : ‘फोनमध्ये १७ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा’ असं सारखं येतं. साफसफाईचं ॲप टाकू का? फोन अँड्रॉइड आहे.

उत्तर : टाकू नका. ती जाहिरात आहे. कुठलंही संकेतस्थळ तुमच्या फोनच्या आत शोधू शकत नाही. ते पान बंद करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सूचना’ उघडा आणि अनोळखी संकेतस्थळांना दिलेली परवानगी काढा, बहुतेक वेळा एवढ्यानेच हे थांबतं. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ ही गूगलची ॲप तपासायची सोय चालू आहे का तेवढं पाहा. आधीच एखादं साफसफाईचं ॲप टाकलं असेल तर ते काढून टाका, आणि काढू देत नसेल तर फोन घेऊन शनिवारी रामबागेत या.